सातवा मुद्दा

४ फेब्रुवारी

धाकटे,

मुद्दामच फोन केला नाही. फोनवर तू दोन वाक्यं बोलतेस, तीनदा हसतेस आणि "बरं ताई, दारावर कोणीतरी आलंय" म्हणून सुटतेस. दर वेळी नेमकं तेव्हाच तुझ्या दारावर कोण येतं, हे मला एकदा बघायचंच आहे. कागदावर लिहिलेलं निदान पुन्हा काढून वाचता येतं.

माझे ठसेवाले आठवतात ना? मी दुकानादुकानांतले तराजू तपासत हिंडायचे, तेव्हा पास झालेल्या वजनावर ठसा मारायला हातोडी घेऊन माझ्यामागून चालायचे ते. हल्ली ते मुलीकडे, तुमच्याच शहरात राहायला आलेत. त्यांचं पत्र आलं. लिहितात, "धाकट्या बाईंना पाहिलं. चार चाकांच्या बॅटरीच्या स्कूटरवर बसून चालल्या होत्या, पुढे टोपली. मी हाक मारली, पण थांबल्या नाहीत. तब्येतीला काही झालंय का?"

मला काय माहीत? मी सख्खी बहीण, आणि तुझी खबर मला ठसेवाल्यांकडून कळते.

सरळ विचारते. ती गाडी कशाला? पाय मोडला का? मोडला असेल तर कधी, आणि आम्हाला का कळवलं नाही? मोडला नसेल तर दोन धड पाय असताना बेचाळीस वर्षांची बाई म्हाताऱ्यांच्या गाडीवर का बसते? आणि ती मिळाली कुठून?

दोन वर्षं तू इकडे फिरकली नाहीस. "प्रवास झेपत नाही" हे तुझं ठरलेलं उत्तर. बसने नऊ तास लागतात, कबूल. पण कारखान्यात तू रोज जातेस म्हणे. तेवढं झेपतं वाटतं.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते. पेपर हल्ली मीच तिला वाचून दाखवते, तिला आळस आलाय.

सविस्तर उत्तर पाठव. गोलमाल नको.

ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पाकीट आलं की आपण काहीतरी चोरलंय असं वाटायला लागतं. उघडायच्या आधी मी चक्क पदर सारखा केला.

पाय मोडलेला नाही. ठसेवाल्यांची हाक ऐकू आली नाही, त्या वळणावर बसगाड्यांचा फार गोंगाट असतो. त्यांना माझा नमस्कार सांग.

तीन वर्षांपूर्वी मला तो ताप आला होता, आठवतं? ताप गेला, पण जाताना ताकद घेऊन गेला. डॉक्टर म्हणतात, काहींची परत येते, काहींची येत नाही. मला चालता येतं. पण घरापासून कारखाना वीस मिनिटांवर आहे, आणि ती वीस मिनिटं चालले की पुढे काम करायला काही उरत नाही. शिवाय जास्त झालं तर त्या दिवशी कळतही नाही. दोन दिवसांनी वसूल होतं.

माझं काम तुला माहीत आहे. गणवेशाचं कापड साठ-साठ थर करून टेबलावर पसरतात आणि मी उभी राहून मशीनने ते साच्याबरहुकूम कापते. हे बसून होत नाही. वरून जोर लावावा लागतो, आणि हात जरा हलला की साठ बाह्या वाया. तर असं समज, की मला रोज सकाळी कापडाचा एक ताका मिळतो. पूर्वी मोठा मिळायचा, आता आखूड मिळतो. कापड आखूड असलं की आम्ही साचे जवळजवळ मांडतो, कातरण कमी पाडतो. रस्ता, कारखान्यातला लांबलचक बोळ, बाजार, हे सगळं मी स्कूटरवर करते. मग टेबलापाशी दीड-दीड तास दोनदा उभं राहण्यापुरतं उरतं. एवढीच गोष्ट आहे.

स्कूटर मला सरकारी सहाय्य कार्यालयाने वापरायला दिली आहे. डॉक्टरांचा कागद पाहिला, मला तपासलं आणि दिली. रंग लालभडक. निवडायची सोय नव्हती. कारखान्यात "राणीसाहेबांची स्वारी आली" म्हणतात, मीही हात हलवते.

काळजी करू नकोस. पण आईला पेपर वाचायचा आळस? आपल्या आईला? छापणाऱ्यांच्या चुका काढून पेन्सिलीने खुणा करणारी बाई ती. खरंच बरी आहे ना?

आता पुरे करते, दारावर कोणीतरी आलंय. (खरंच आलंय.)

तुझी धाकटी

२० फेब्रुवारी

धाकटे,

पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा एकाच जागी अडखळले.

चालता येतं, तर गाडी कशाला? गाडी लागते, तर दीड तास उभी कशी राहतेस? दोन्ही एकदम खरं कसं असेल? एकतीस वर्षांत काटा मारणारे कितीतरी दुकानदार पाहिले. त्यांतला एकही गप्प बसणारा नव्हता. दमट हवेचं सांगतात, गंजलेल्या साखळीचं सांगतात, आणि सांगता सांगता अंगठा हळूच पारड्यावर ठेवतात. तुझं ते ताक्याचं वाचताना मला तो अंगठा दिसला. राग मानू नकोस, माझी खोड आहे.

ठसेवाल्यांना मी सहज लिहिलं होतं, जातायेता जरा लक्ष असू द्या म्हणून. गेल्या मंगळवारी ते तुझ्या कारखान्यासमोर चहा पीत बसले होते. म्हणतात, बाईंनी गाडी खाली लावली, कापडाचा गठ्ठा खांद्यावर घेतला आणि कोणाशी तरी हसत तीन पायऱ्या चढून गेल्या. गठ्ठा खांद्यावर, धाकटे! आणि आईला भेटायचं म्हटलं की प्रवास झेपत नाही.

खरं सांगू? मला तुझ्या नवऱ्याचा जास्त संशय येतो. बसडेपोतला वायरमन, बॅटऱ्या म्हणजे त्याचा जीव की प्राण. ही गाडी त्याच्याच डोक्यातून निघाली ना? बायको घर आणि कारखाना एवढ्यातच फिरलेली बरी, माहेरची वाट विसरली तर उत्तमच. मी आरोप करत नाही, विचारते आहे.

की आईचं करावं लागेल याची भीती वाटते? तसं असेल तर तसं लिही. मी आजवर कोणाच्या गळ्यात काही घातलेलं नाही.

आई बरी आहे. तिचं विचारून विषय बदलू नकोस.

ताई

१४ मार्च

ताई,

उत्तराला उशीर झाला, कारण इथे भलतंच घडलं.

कोणीतरी माझ्याविरुद्ध अर्ज केला. निनावी. परवा सहाय्य कार्यालयाची दोन माणसं आली. एकाने फॉर्म भरला, दुसऱ्याने स्कूटर टेम्पोत चढवली. फेरतपासणीची बैठक होईपर्यंत ती त्यांच्या गोदामात राहणार. बैठक कधी? "तीन आठवडे, फार तर सहा." मी म्हटलं, तोवर मी काय करू? तर फॉर्मवाला म्हणाला, "बाई, तुम्ही उभ्या आहात की." मी दार उघडायला उठले होते.

तेव्हापासून मी सगळ्यांकडे तिरक्या नजरेने बघते. खालच्या मजल्यावरची बाई असेल का? जिन्याखालच्या चार्जिंगच्या वायरवरून तिची नेहमी कटकट असते. आमची सुपरवायझर असेल का? मला दोन पाळ्यांच्या मधे आडवं व्हायला खोली मिळते, ते तिला खुपतं असं मला वाटतं. परवा नवरा भांडी घासत होता आणि मी मागे उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत होते, हाच तर नसेल? तुझ्या पत्राने डोक्यात घातलेलं. मग माझीच मला लाज वाटली.

तू इतकी वर्षं अर्ज वाचलेस. मला सांग, निनावी अर्ज कोणाचा हे कसं ओळखतात? अक्षरावरून कळणार नाही, टाइप केलेला आहे. त्यांनी मला प्रत दिली. मुद्द्यांना आकडे घातलेत, एकूण सात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यासाठी मी एक गोष्ट ठरवली होती. ती आता राहिली. काय ते मागाहून सांगेन.

दोन दिवस कामावर चालत जाते आहे.

तुझी धाकटी

२१ मार्च

धाकटे,

सल्ला विचारलास म्हणून सांगते. अर्ज कोणी केला याच्या मागे लागू नकोस. निनावी अर्ज करणारा दर वेळी वाईटच असतो असं नाही. कधी कधी त्याला खरं काय ते कळायला हवं असतं, एवढंच. आणि खरा तराजू तपासला म्हणून खोटा होत नाही, त्याला आणखी एक ठसा मिळतो. बैठकीत जे आहे ते सांग, गाडी परत येईल. तीन आठवडे म्हणजे काही फार नाहीत.

खालच्या बाईला उगाच काही बोलू नकोस. नवऱ्यालाही नको. त्याच्याबद्दल मी लिहिलं ते घाईत लिहिलं.

एप्रिलमध्ये काय ठरवलं होतंस? त्यात लपवण्यासारखं काय आहे? आणि कोणाबरोबर?

आई बरी. उजेडाचा त्रास होतो म्हणते, पडदा ओढून बसते.

चालत जातेस हे वाचून बरं वाटलं. बघ, जमतं की.

ताई

५ एप्रिल

ताई, नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. डेपोच्या वहीत कुठली गाडी, काय बिघाड, एवढंच लिहायची मला सवय. तसंच लिहितो.

ती नऊ दिवस चालत गेली. दहाव्या दिवशी टेबलावर तिचा हात हलला आणि मशीन साठ थरांत तिरकं घुसलं. बोटं थोडक्यात वाचली. जिला आपली विश्रांती खुपते असं हिला वाटायचं, त्या सुपरवायझरबाईच तिला टॅक्सीत घालून घरी घेऊन आल्या. त्याला आज बारा दिवस झाले. खोलीत अंधार करून पडून असते. उजेड सोसत नाही, भांड्याचा आवाज सोसत नाही. पेला धरला तर सांडतो, पेन कुठून धरणार? गेल्या वर्षीही पाच आठवडे अशीच होती. तेव्हा मला म्हणाली, ताईला कळवू नका, ती आईला सांगेल.

रजेचा कागद हवा होता म्हणून ड्रॉवर उघडला, तर त्यात तुमची पत्रं सापडली आणि एक वही. पत्रं वाचली, त्याबद्दल माफ करा. गाडीची कल्पना माझी नव्हती. उलट लोक हसतील म्हणून मीच चार महिने आडवा आलो होतो. बॅटरी मात्र मी सांभाळतो, ते खरं आहे.

वहीत एप्रिलचा पहिला आठवडा आहे. रजा मंजूर. बस नको, आगगाडी, कारण आगगाडीत स्कूटर चढते. तुमच्या स्टेशनापासून घरापर्यंतचा रस्ता काढलाय, कुठे चढ आहे तेही. यासाठी ती डिसेंबरपासून काय काय सोडत होती, तेही लिहिलंय. आंघोळ स्टुलावर बसून. केस कापून टाकले, विंचरायला हात वर धरावे लागतात म्हणून. रविवारी कोणाकडे जाणं नाही, नुसतं पडून राहणं. मला वाटायचं, संसाराला कंटाळली. ती तुमच्याकडे यायला ताकद साठवत होती. पानाच्या वर लिहिलंय, "न कळवता जायचं. आईने दार उघडलं की समोर मी."

अर्जाची प्रत तिच्या उशीखाली होती, चादर बदलताना हाताला लागली. सातवा मुद्दा असा आहे: "सदर महिला गाडी खाली लावून, कापडाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन तीन पायऱ्या हसत चढताना पाहण्यात आली." त्यानंतर मी तुमचं वीस फेब्रुवारीचं पत्र पुन्हा वाचलं. ती मला काही बोललेली नाही. मीही बोलत नाही.

फक्त एक कळवतो. तो कापडाचा गठ्ठा नव्हता. कागदी साच्यांची गुंडाळी होती. तुम्ही वजनं तपासणाऱ्या, म्हणून सांगितलं.

आपला,
बसडेपोतला वायरमन

१३ एप्रिल

धाकटे,

अर्ज मी केला.

एवढे तीन शब्द लिहायला मला चार दिवस लागले. तुझा नवरा हे वाचून दाखवत असेल, तर त्याने इथे थांबावं आणि तुला पुढचं ऐकायचं आहे का ते विचारावं.

तुला वीस फेब्रुवारीचं पत्र लिहिलं त्याच दुपारी अर्ज टाइप केला. मनाशी म्हटलं, धाकटी खरी असेल तर तपासणीत खरी ठरेल आणि माझ्या जिवाला स्वस्थता मिळेल. नोकरीत मी निनावी अर्ज टोपलीत टाकायचे. ज्याला सही करायची हिंमत नाही, त्याचं काय वाचायचं, असं माझ्या हाताखालच्यांना ऐकवायचे. आणि स्वतःच्या बहिणीवर लिहायची वेळ आली तेव्हा मी सही केली नाही. मला त्याची शरम वाटते.

गठ्ठा मी पाहिलाही नव्हता. ठसेवाल्यांनी रस्त्याच्या पलीकडून पाहिला. न उचललेल्या वस्तूचं वजन मी लेखी दिलं. माझ्या हाताखालच्या माणसाने हे केलं असतं, तर मी त्याला घरी बसवलं असतं.

माझ्या पेटीत प्रमाण वजनं असायची, सगळी दुकानं त्यावर तपासायची. पण तीसुद्धा दर वर्षी मुख्य कचेरीत नेऊन तपासून आणावी लागायची, कारण हाताळून हाताळून तीही झिजतात. मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. इतकी वर्षं मी मात्र स्वतःला बिनचूक धरून चालले आहे.

आता दुसरं. तेही मीच लपवलं.

आईला आळस आलेला नाही. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत समोरचं माणूस ओळखू येणार नाही. इलाज केला, पण फारसा उपयोग नाही. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. मी तुला कळवलं नाही. दुकानदाराला आधी नोटीस दिली की तो तराजू धुऊनपुसून ठेवतो, मग खरं माप मिळत नाही. म्हणून मी कधीच नोटीस देत नसे. आईचे डोळे चालले असं कळवलं असतं तर तू आलीच असतीस. मला तू बिननोटिशीची यायला हवी होतीस. तू येतेस का, हे मी बघत बसले होते. आणि तू येतच होतीस.

गेल्या आठवड्यापासून आईला चेहरा दिसत नाही. माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघते. तू ठरवल्या दिवशी आली असतीस, तर तिने तुला पाहिलं असतं. अंधुक का होईना, पाहिलं असतं. हे मी केलं, धाकटे. याची भरपाई नाही.

कार्यालयाला मी नावानिशी लिहिलं आहे, सहीसकट. सोबत प्रत जोडली आहे.

आणि आयुष्यात पहिल्यांदा मी नोटीस देऊन येते आहे. मे महिन्याच्या नऊ तारखेला, दुपारच्या आगगाडीने, आईला घेऊन. तू नको म्हणालीस तर आईला तुझ्या नवऱ्याच्या हाती सोपवीन आणि तशीच परतीच्या गाडीत बसेन.

ताई

२९ एप्रिल

ताई,

रोज चार ओळी, असं करत हे पत्र पाच दिवसांत लिहिलं.

सातवा मुद्दा मी फॉर्मवाल्यासमोरच वाचला होता. तेव्हाच कळलं. तरीही खालची बाई, सुपरवायझर, नवरा असे खोटे संशय लिहिले आणि तुला विचारलं, की अर्ज कोणाचा हे कसं ओळखतात. तू सांगशील म्हणून वाट पाहिली. तू लिहिलंस, तीन आठवडे काही फार नाहीत. तेव्हा मी फार रडले. रडण्यातही खूप ताकद जाते, हे तुला माहीत नसेल.

आईचे डोळे. त्यावर मला आज काही लिहिता येत नाही.

बैठक झाली. काल स्कूटर परत आली. पुसून दिली आहे, एवढंच.

ये. आईला घेऊन ये. पण एक विचारते, आणि खरं सांग. आईला सोडायला येते आहेस, की मला बघायला? बघायलाच येत असशील तरी ये. फक्त मी उठले तर "बघ, जमतं की" म्हणू नकोस, आणि पडून राहिले तर डोक्यावर उभी राहू नकोस. अर्धा तास बोलायचं, मग गप्प. जेवण हे करतात. स्टेशनावर मी येईन. नको म्हणू नकोस.

धाकटी

१६ मे

धाकटे,

सुखरूप पोचले. घर खायला उठतं. आईची काठी कोपऱ्यात नाही, तरी मी तिला वळसा घालून जाते.

तिथे सांगितलं नाही ते लिहिते. स्टेशनाबाहेर मी गर्दीत तुझा चेहरा शोधत होते. केस कापलेली तू कशी दिसत असशील, याचा अंदाज येईना. तेवढ्यात आईने माझा दंड ओढला. "अगं, ती बघ तिकडून येतेय." मी म्हटलं, आई, तुला काय दिसतंय? "ते लाल हलतंय ते. तूच म्हणालीस ना, तिची गाडी लाल आहे? मधलं काही नाही गं दिसत, पण कडेने कळतं." माझे दोन्ही डोळे शाबूत, आणि तुला आधी तिने पाहिलं. तू चालत आली असतीस तर तिला कळलीही नसतीस.

तू विचारलं होतंस, बघायला येते आहेस का. हो, बघायलाही आले होते. पहिल्या दिवशी तू किती वेळा उठलीस ते मी मोजलं. चौदा वेळा. आईला पाणी, आईची उशी, आईची चप्पल. मनात आलंच, ही तर ठणठणीत आहे. सवय जाता जात नाही. दुसऱ्या दिवशीही तू हसत होतीस. तिसऱ्या दिवशी तू उठलीच नाहीस. भिंतीकडे तोंड करून पडलीस आणि आईने हाक मारली तर नुसतं बोट हलवलंस. तेव्हा कळलं, मी तुझी ताकद नव्हे, तुझ्या उरलेल्या कापडातून गेलेल्या चौदा कातरणी मोजत होते. दारात उभी राहून मी हळू आवाजात रडले. तुझ्या डोक्यावर उभी राहिले नाही, एवढं वचन पाळलं.

निघायच्या दिवशी सुपरवायझरबाईंना भेटून तुझी ती गुंडाळी मागितली. कारखान्याच्या दारातल्या काट्यावर स्वतः ठेवली. दोनशे दहा ग्रॅम. सहाय्य कार्यालयाला दुरुस्ती पाठवली आहे: "मुद्दा सातवा चुकीचा आहे. वजन २१० ग्रॅम. प्रत्यक्ष मोजले." गाडी तुला केव्हाच परत मिळाली, आता त्या कागदाचा कोणाला उपयोग नाही. तरी तो फाइलीत लागायला हवा.

वायरमनना सांग, बॅटरी चांगली ठेवली आहे.

आईला किती दिवस ठेवून घेणार ते तू ठरव. मी विचारणार नाही.

ताई

२ जून

ताई,

आई इथे रमली आहे. दिवसभर खिडकीशी बसते. संध्याकाळी मी वळणावर आले की वरून ओरडते, "आली!" खालच्या बाई हसतात. त्याच आता तिला दुपारी चहा आणून देतात.

एक सांगते. पूर्वी आईला माझ्या तोंडाकडे बघून सगळं कळायचं, म्हणून मी दारात शिरतानाच हसू चढवून यायचे. फोनवर तुझ्यासाठी हसायचे, तेच ते हसू. आता तिला ते दिसत नाही. मी आत आले की ती कानाच्या बाजूला बघत विचारते, "दमलीस का गं?" आणि तिला न दिसणारं तोंड हसरं ठेवून काय करू? म्हणून मी खरं सांगते. हो म्हणते, किंवा थोडी म्हणते, किंवा आज नाही म्हणते. त्यावर ती "बरं" म्हणते आणि पुन्हा खिडकीबाहेर बघते. कशी, कधीपासून, मग काल कशी काय उभी होतीस, असलं काही विचारत नाही.

तीन वर्षं लपवलं, ते चुकलंच माझं. हसून सांगितलेलं तुला खोटं वाटलं असेल तर त्यात माझाही वाटा आहे. आईला माझा चेहरा पाहता आला नाही, ते मात्र मी अजून विसरले नाही. इतक्यात विसरेन असंही वाटत नाही.

पण तू लिहिलंस, मी विचारणार नाही. ते वाचून वाईट वाटलं. ताई, इतक्या पत्रांत तू मला गाडी कशाला, कुठून, कोणाची कल्पना, कोणाबरोबर, सगळं विचारलंस. दमलीस का, हे एकदाही विचारलं नाहीस.

रविवारी अकरा वाजता माझ्या अंगात बरीच ताकद असते. तेव्हा फोन कर, आणि विचार. दारावर कोणीही येणार नाही.

धाकटी